उमेदवारी कोणाची?



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या पत्त्यावर एक जाहिरात आली. विस्थापितांसाठी काम करणाऱ्या एका मोठ्या संस्थेला सहा महिन्यांसाठी एक उमेदवार हवा आहे. काम : छावण्यांमधल्या मदतकार्यात अपंग व्यक्तींचा समावेश व्हावा यासाठी साहाय्य करणं. अटी : पदव्युत्तर शिक्षण, उत्तम इंग्रजी, स्वतःचा लॅपटॉप, खडतर ठिकाणी फिरण्याची तयारी. मोबदला नाही. राहण्याची सोय ज्याची त्याने करायची. तळाशी एक ओळ होती की स्त्रियांनी आणि अपंग व्यक्तींनी अर्ज केल्यास त्यांचं विशेष स्वागत आहे. सोबतच्या पत्रात विनंती होती, आपल्या अंकात छापाल का?

यावरून आमच्या बैठकीत दोन तास वाद झाला. एकीचं म्हणणं, फुकट राबवून घेण्याच्या जाहिरातींना आपल्या अंकात जागा कशाला द्यायची? दुसरीचं म्हणणं, हे काम कुणीतरी केलंच पाहिजे, आणि आपल्या मुली गेल्या नाहीत तर कोण जाणार हे आपल्याला ठाऊक आहे. आमच्या गटातली एक मैत्रीण लहानपणच्या पोलिओपासून कॅलिपर आणि कुबडी घेऊन चालते. समाजकार्याची पदवी घेऊन ती तीन वर्षं नोकरी शोधते आहे. तिने एवढंच विचारलं, "खडतर ठिकाणी फिरण्याची तयारी म्हणजे कोणाची तयारी? माझी, का त्यांची?" पुढचं सगळं लिखाण त्या प्रश्नाभोवती आहे.

आधी शब्दांबद्दल थोडं. आम्ही 'अपंग' असंच लिहितो. २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला, पुढे तो सरकारी कागदांवर रुळला आणि २०२२ मध्ये आपल्या राज्यात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागही झाला. पण अपंगांच्या चळवळीतल्या अनेकांनी त्या शब्दाला हरकत घेतली होती, ती आम्हाला पटते. बाईला देवी म्हणून देव्हाऱ्यात बसवण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. दुसरा शब्द 'इंटर्नशिप'. गॅरेजमध्ये, वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात याला मराठीत उमेदवारी म्हणतात. काम शिकायचं, उस्तादाच्या हाताखाली, आणि शिकता शिकता थोडे पैसेही मिळवायचे.

आता कामाकडे येऊ. बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्या घ्या. ऑगस्ट २०१७ पासूनच्या काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या जीव घेऊन इथे पळून आले. आधी आलेल्यांसकट तिथे आता दहा लाखांच्या वर माणसं राहतात, त्यांत निम्म्याहून अधिक बायका आणि मुली आहेत. जंगल तोडून मोकळ्या केलेल्या टेकड्या, उतारावर बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या, माती भरलेल्या पोत्यांच्या पायऱ्या, पावसाळ्यात दरडी. २०२१च्या मार्चमध्ये तिथे मोठी आग लागली तेव्हा छावणीभोवतीच्या काटेरी तारांच्या कुंपणातून धडधाकट माणसांनाही बाहेर पडणं अवघड गेलं. जिला चालता येत नाही, किंवा जिला आरडाओरडा ऐकू येत नाही, तिचं त्या दिवशी काय झालं असेल याची कल्पना करून पाहा.

मदतकार्याची स्वतःची मोजमापं आहेत. 'स्फिअर' नावाने ओळखली जाणारी मानकं जगभरच्या संस्था वापरतात, त्यांची ताजी आवृत्ती २०१८ची आहे. संडास राहत्या जागेपासून ५० मीटरच्या आत असावा, वीस माणसांमागे एक असावा. पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासाहून जास्त नको, माणशी रोज निदान १५ लिटर पाणी. मोजमापं चांगली आहेत, आपल्या कितीतरी झोपडपट्ट्यांना ती अजून मिळालेली नाहीत. पण हे ५० मीटर कोणाच्या पायांनी मोजायचे? हातांवर सरकत जाणाऱ्या बाईला ओल्या मातीच्या उतारावर ५० मीटर म्हणजे अर्धा तास, आणि तो अर्धा तास सगळ्यांच्या नजरेसमोर. रोहिंग्या समाजात पडदा कडक आहे. दिवसा संडासला जायला नको म्हणून बायका कमी खातात, कमी पाणी पितात, अंधार पडायची वाट पाहतात. हे सगळ्याच बायकांचं झालं. अपंग बाईला अंधारात सोबत लागते, म्हणजे आणखी एका बाईची सवड लागते. आत गेल्यावर धरायला कठडा नाही, दाराची कडी हाताच्या उंचीवर नाही, टेकायला जागा नाही. पाळीच्या दिवसांत फडकी धुवायची कुठे आणि वाळत घालायची कुठे, हे तर विचारूच नका.

स्वयंपाकाचंही तेच. सरपणासाठी जंगल तुटत होतं आणि लाकूड आणायला गेलेल्या बायकांना धोका होता म्हणून २०१८ पासून तिथे गॅसचं वाटप सुरू झालं. निर्णय चांगला होता. पण भरलेलं सिलिंडर टेकडीवर चढवायचं कोणी? मग म्हाताऱ्या, अपंग आणि एकट्या बायकांसाठी हमाल देण्याची व्यवस्था करावी लागली. ही गरज कार्यालयात बसून आपोआप सुचत नाही. वाटप केंद्राबाहेर उभं राहून कोण रिकाम्या हाताने परत जातं, कोण आलंच नाही, कोणी हमालाला आपल्या रेशनमधलं काहीतरी देऊन सिलिंडर नेलं, हे पाहावं लागतं. उमेदवारीत शिकायचं ते हेच. तक्ते भरणं आणि बैठकांची इतिवृत्तं लिहिणं यातही शिकण्यासारखं काही असेल, पण अशा पुष्कळ उमेदवारांचे सहाही महिने तेवढ्यातच जातात.

मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्या गटांनाही ते उपयोगी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अंदाजाप्रमाणे जगातली १६ टक्के माणसं कोणत्या ना कोणत्या प्रकारे लक्षणीय अपंगत्व घेऊन जगतात. आपल्या २०११च्या जनगणनेत अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख भरली, म्हणजे २.२१ टक्के. भारतातली माणसं जगापेक्षा सातपट धडधाकट आहेत असा याचा अर्थ कोणी काढणार नाही. फरक बराचसा प्रश्नात आहे. दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाने "घरात कोणी अपंग आहे का?" असं विचारलं की घरातला कर्ता पुरुष उत्तर देतो. लग्नाची मुलगी असेल तर तो "नाही" म्हणतो. सुनेला कमी ऐकू येतं हे तो सांगत नाही. म्हाताऱ्या आईचे गुडघे आणि डोळे गेलेत हे त्याला अपंगत्व वाटतच नाही, ते वय वाटतं.

यावर उपाय म्हणून 'वॉशिंग्टन गट' या नावाने ओळखले जाणारे सहा प्रश्न बनवले गेले. त्यांत अपंग हा शब्दच येत नाही. चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, श्रवणयंत्र लावूनही ऐकायला त्रास होतो का, चालायला किंवा पायऱ्या चढायला, आठवायला किंवा लक्ष लावायला, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः करायला, आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावून द्यायला आणि दुसऱ्याचं समजून घ्यायला? उत्तरं चार : अजिबात नाही, थोडा, खूप, जमतच नाही. कोणत्याही एका प्रश्नाला 'खूप' किंवा 'जमतच नाही' आलं की ती व्यक्ती मोजणीत धरायची. किती साधी युक्ती आहे! पण तीही विचारणारीवर अवलंबून असते. प्रश्न नवऱ्याला विचारायचा की बाईला, दारात की आत, भाषा कोणती, ऐकू न येणाऱ्या मुलीला विचारायचं की तिच्या आईला. मनाच्या आजारांबद्दल हे सहा प्रश्न फारसं काही सांगत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसं जबरदस्तीने विस्थापित झालेली होती. त्यांना १६ टक्क्यांचा हिशोब लावला तर जवळपास दोन कोटी अपंग माणसं घरदार सोडून कुठेतरी आसऱ्याला आहेत.

आणि त्यांच्याबरोबर त्यांची काळजी घेणारी बाई आहे, ती तर कोणत्याच रकान्यात नसते. नुजीन मुस्तफा ही सीरियातली कुर्द मुलगी चाकाच्या खुर्चीवर बसून २०१५ मध्ये युरोपभर प्रवास करत जर्मनीला पोचली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. खुर्ची ढकलत होती तिची बहीण. एप्रिल २०१९ मध्ये नुजीन संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे बोलली. तिथे बोलणारी ती पहिली अपंग व्यक्ती. त्याच जूनमध्ये परिषदेने सशस्त्र संघर्षातल्या अपंग व्यक्तींविषयी २४७५ क्रमांकाचा ठराव केला, आणि त्याच वर्षी मदतसंस्थांच्या आंतरसंस्था समितीने अपंगांच्या समावेशाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती तयार करताना अपंगांच्या संघटना बरोबरीने बसल्या होत्या. म्हणजे कागदांची उणीव उरलेली नाही. भारतानेही अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००७ मध्येच मान्य केला आहे, आणि त्याचं अकरावं कलम युद्ध आणि आपत्तीतल्या संरक्षणाबद्दलच आहे.

हे आपलं काम कसं, असं विचारणाऱ्यांना फेब्रुवारी १९९४ आठवावा. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद म्हटल्या जाणाऱ्या काही मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली गेली. कारण काय दिलं? पाळीची स्वच्छता त्यांना राखता येत नाही. आणि दबक्या आवाजातलं दुसरं कारण, उद्या कोणी अत्याचार केला तर निदान दिवस तरी जाणार नाहीत. स्त्री-संघटना त्याविरुद्ध रस्त्यावर आल्या होत्या, कारण त्या तर्कात बाईच्या शरीराबद्दलचा सगळा जुना हिशोब उघडा पडला होता : सांभाळायची सोय होत नाही तर शरीरच कापा, अत्याचार करणाऱ्याला हात लावू नका. छावणीतल्या अपंग मुलीभोवती आज हाच तर्क वेगळ्या वेषात फिरतो. तिला झोपडीत कोंडून ठेवतात ते तिच्या भल्यासाठी. तिला शाळेत, शिवणाच्या वर्गात, बायकांच्या बैठकीच्या जागेत पाठवत नाहीत ते तिच्या सुरक्षिततेसाठी. आणि घरातच काही घडलं तर ती सांगणार कोणाला? बहिऱ्या मुलीच्या खुणा फक्त तिच्या घरच्यांना कळतात, आणि तक्रार नेमकी घरच्याविरुद्ध असते. आपल्याकडे २०१३च्या फौजदारी कायद्यातल्या दुरुस्तीत अशा पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, दुभाष्याच्या मदतीने घेण्याची आणि त्याचं चित्रीकरण करण्याची तरतूद आली. ती अपंग स्त्रिया आणि स्त्री-संघटना एकत्र बोलल्या म्हणून आली. छावणीत असा कायदा आपोआप पोचत नाही. दुभाषी कोण, ती कुठे बसते, तिच्यापर्यंत कसं पोचायचं, हे कोणीतरी आधी ठरवून ठेवावं लागतं.

तेव्हा काम खरं आहे, जिव्हाळ्याचं आहे. प्रश्न आहे तो त्याच्या किमतीचा. "पैसे नाहीत, पण अनुभव मिळेल" ही भाषा आपल्या ओळखीची आहे. अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला वेतन मिळत नाही, 'मानधन' मिळतं. घरात बाईला मान मिळतो म्हणे. छावणीतही हेच. बांगलादेश सरकार रोहिंग्यांना रीतसर नोकरी करू देत नाही, म्हणून संस्था त्यांना 'स्वयंसेवक' म्हणून तासाच्या मोबदल्यावर ठेवतात, आणि छावणीतलं कितीतरी काम त्यांच्याच जिवावर चालतं. वरच्या टोकाला परदेशी विद्यापीठातून आलेला बिनपगारी उमेदवार, ज्याच्या घरचे त्याचा सहा महिन्यांचा खर्च सोसू शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातली उमेदवारी बिनपगारीच आहे. २०१५ मध्ये जिनिव्हात असा एक उमेदवार तंबूत राहतो हे बाहेर आलं तेव्हा बराच गवगवा झाला. त्यानंतर काही संस्था शहाण्या झाल्या. निर्वासितांसाठीचं उच्चायुक्त कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना आता उमेदवारांना भत्ता देतात. म्हणजे देता येतं.

अपंग मुलीसाठी 'बिनपगारी'चा अर्थ आणखी वेगळा होतो. तिला बसने जाता येत नाही, रिक्षा लागते. तळमजल्यावरची खोली लागते, तिचं भाडं जास्त. दिसत नसेल तर वाचून दाखवणारं माणूस किंवा संगणकावरची सोय लागते, ऐकू येत नसेल तर बैठकीत दुभाषी. बिनपगारी उमेदवारीत हा सगळा खर्च तिच्या डोक्यावर पडतो. 'विशेष स्वागत' असं छापून तो निघत नाही. आणि दुसरीकडे हेही खरं की पैसा आटतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, जुलैत तिथली युएसएड ही यंत्रणा बंदच झाली, आणि जगभरच्या संस्थांनी माणसं कमी केली. अशा वेळी समावेशाचं काम 'जादा' मानलं जातं आणि पगारी माणसाच्या जागी उमेदवार बसवला जातो. सहा महिन्यांनी तो जातो, दुसरा येतो, आणि छावणीतल्या बाईला आपली कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते.

आपल्याकडे एक वेगळी उमेदवारी होऊन गेली आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, सुमारे आठ हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत पडझड झालेली घरं जागच्या जागी दुरुस्त करायची होती. त्या दुरुस्तीच्या कामात लोकांचा सहभाग असावा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोगाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद साहाय्यक' म्हणून उभं केलं. ज्यांनी कधी गावसभेत तोंड उघडलं नव्हतं त्या बायका हप्ता कधी मिळतो, भिंतीला आधार कसा द्यायचा, सिमेंट किती लागतं हे घरोघर समजावून सांगू लागल्या, इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. त्या गावच्याच होत्या, भूकंपातून वाचलेल्या होत्या, आणि काम संपल्यावर निघून जाणाऱ्या नव्हत्या. यातून पुढे त्यांचे बचत गट उभे राहिले. आता हीच गोष्ट थोडी पुढे न्या. संवाद साहाय्यक म्हणून छावणीतलीच एक अंध बाई, एक कुबडीवर चालणारी मुलगी, मतिमंद मुलाची आई का नसावी? रॅम्पचा उतार एकास बारा असावा हे पुस्तकात वाचून कळतं. तो पावसात निसरडा होतो आणि खाली उतरताना खुर्ची आवरत नाही, हे तिलाच आधी कळेल. बाहेरून आलेल्या उमेदवाराने तिच्या हाताखाली शिकावं. उस्ताद ती.

शेवटी आम्ही त्या संस्थेला पत्र लिहिलं. उमेदवाराला जगण्यापुरता भत्ता मिळेल का? अपंग उमेदवाराच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि दुभाष्याचा खर्च कोण करेल? इंग्रजीऐवजी छावणीतली भाषा येणाऱ्या मुलीचा विचार होईल का? विस्थापितांमधल्याच अपंग स्त्रियांसाठी किती जागा आहेत? उमेदवारी संपल्यावर काम पुढे कोण नेईल? उत्तर नम्र होतं. यंदाच्या अंदाजपत्रकात भत्त्याची तरतूद नाही, राहण्याच्या सोयीचा विचार करू, बाकीच्या मुद्द्यांची नोंद घेतली आहे. जाहिरात आम्ही या अंकात छापलेली नाही. आमची मैत्रीण मात्र अर्ज करते आहे, आमचं पत्र अर्जाला जोडून. तिला तो अनुभव हवा आहे आणि तो मिळवण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. सहा महिन्यांच्या खर्चासाठी गटाने वर्गणी काढायची का, यावर पुढच्या बैठकीत बोलायचं ठरलं आहे. काहीजणींचा त्याला विरोध आहे, कारण मग संस्थेचा खर्च आपण उचलल्यासारखं होईल. त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही.

दरम्यान, एक काम कोणाच्याही उमेदवारीची वाट न पाहता आपल्याला करता येईल. २०१६च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याचं आठवं कलम सांगतं की जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या अपंग व्यक्तींची नोंद ठेवायची आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचेल अशी तजवीज करायची. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापुरातली लाखो माणसं शाळांमध्ये, मंगल कार्यालयांत हलवावी लागली. २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी दरडीखाली गेली. पुढचा पाऊस येणारच आहे. तेव्हा प्रत्येक गटाने आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन लेखी विचारावं : ही नोंद आहे का, शेवटची कधी केली, तिच्यात स्त्रिया किती आणि पुरुष किती, अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे आकडे काय, आणि आसऱ्याच्या जागा म्हणून ठरवलेल्या शाळांपैकी किती शाळांच्या संडासात चाकाची खुर्ची जाते? नावं आणि पत्ते मागू नका, ती त्या माणसांची खाजगी गोष्ट आहे. फक्त आकडे मागा. कार्यालयात दाद मिळाली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. जाताना शक्यतो गटातल्या किंवा गावातल्या अपंग बाईला बरोबर घ्या, आणि बोलायचं तिनेच. कार्यालयाच्या पायऱ्या तिला चढता आल्या नाहीत तर साहेबांना खाली बोलवा.

मिळालेल्या उत्तराची प्रत, आणि उत्तर मिळालं नाही तर अर्जाच्या पोचपावतीची प्रत, आमच्याकडे पाठवा. दिवाळीनंतरच्या अंकात जिल्हावार छापू.